न वाजलेला ढोल

नेवेंका बाई ठार बहिऱ्या आहेत, असं आमच्या पोद्लाझे गावात सांगतात. पावाच्या दुकानात सांगतात, चर्चच्या पायरीवर सांगतात, बाहेरून मासे धरायला आलेल्यांना तर गळ टाकायच्या आधी सांगतात. "अहो, ढोल वाजला! साऱ्या गावानं ऐकला. एकट्या बाईंनाच ऐकू आला नाही. अकरा पोरं घेऊन तळ्याच्या मधोमध उभ्या, आणि आलं की पाणी!" इथे सांगणारा हात आडवा धरून पाणी कुठवर आलं ते दाखवतो. दर वर्षी तो हात थोडा वर सरकतो. सध्या गळ्यापाशी आहे. असंच चाललं तर लवकरच आम्ही अकराही जण बुडून मेलेले असू.

खरी गोष्ट अशी, की त्या दिवशी ढोल वाजलाच नाही. बाईंनी ऐकला नाही, कारण ऐकायला काही नव्हतंच. आणि बाईंच्या कानांबद्दल म्हणाल, तर मागच्या बाकावर कुणी गोळीचा कागद उलगडला की फळ्याकडे तोंड करूनच त्या विचारतात, "लिंबाची का संत्र्याची?"

आमचं तळं वर्षातले काही महिने असतं, काही महिने नसतं. उन्हाळ्यात ते जमिनीतल्या भोकांतून खाली निघून जातं. मग आम्ही त्याच्या तळावर गवत कापतो, ट्रॅक्टर फिरवतो. पानगळीच्या दिवसांत पलीकडच्या याव्होर्निक डोंगरात पाऊस लागला, की त्याच भोकांतून ते वर येतं. पण शहाण्या पाहुण्यासारखं आधी दार वाजवून येतं. खालून चढणारं पाणी पोकळीतली हवा पुढे ढकलतं, ती हवा एका अरुंद भोकाच्या गळ्यातून निघते आणि ढुम्म, ढुम्म असा आवाज चार गावांत जातो. त्या भोकालाच आम्ही ढोल म्हणतो. ढोल वाजला की गवत आवरायला, होड्या काढायला अर्धा दिवस मिळतो. 'ढोलाआधी पाणी नाही' हे आमच्याकडचं पोर बोलायला लागायच्या आधी शिकतं.

नेवेंका शेगाही तेच शिकल्या. वडील पाणी असेल तेव्हा मासे धरायचे आणि नसेल तेव्हा त्याच जागी गवत कापायचे. लहानग्या नेवेंकाला ते ढोलाच्या तोंडाशी पालथं झोपवायचे आणि म्हणायचे, "ऐक. आत कुणीतरी श्वास घेतंय." ते खरंच होतं. कान लावला की आत कायम एक बारीक सूऽऽ चालू असायचं. वडील गेले, नेवेंका शिक्षिका होऊन गावच्याच शाळेत आल्या, आणि त्यांनीही तेच सुरू केलं. पोरांनो, पालथे झोपा. ऐका. इतर शाळांत विज्ञानाचं पुस्तक असतं, आमच्याकडे चिखल होता. शाळेला भिंती-दारं होती, पण हा वर्ग तळ्याच्या काठावर भरायचा. गवत वाळवायच्या लाकडी सांगाड्याला फळा टांगलेला, वर छप्पर, चारही बाजूंना काहीच नाही. पाऊस तिरका आला की वर्ग एका बाजूला सरकायचा.

बाईंचा एक प्रश्न होता. तो सगळ्या आजारांवरचं एकच औषध असल्यासारखा त्या सगळ्यांना पाजायच्या.

"बाई, उद्या पाऊस येणार."

"कशावरून?"

"आजी म्हणाली."

"आजीला कशावरून?"

"आजीचा गुडघा दुखतोय."

"मग गुडघ्याचा तक्ता करू. रोज विचारून ये."

असा एका आज्जींच्या गुडघ्याचा तक्ता खरोखर वर्षभर शाळेच्या भिंतीवर होता.

पन्नाशी उलटल्यावर बाई यंत्रमानव बनवायला शिकल्या. शनिवारी बसने ल्युब्लियानाला जायच्या आणि येताना मांडीवर सुट्या भागांचं खोकं घेऊन यायच्या. त्यातून आम्ही पोल्ह बनवला. पोल्ह म्हणजे आमच्या जंगलातला गुबगुबीत प्राणी. दिसायला उंदराचा श्रीमंत भाऊ, आणि हिवाळाभर बिळात झोपणारा. आमच्या पोल्हला दुधाच्या जुन्या कॅनचं बूड होतं, खेळण्यातल्या रणगाड्याचे पट्टे, डोक्यावर माइक आणि पोटाखाली ओल ओळखणारी पट्टी. दगडावर आपटून फुटू नये म्हणून वर्गातल्या सगळ्यात बुटक्या आयदाच्या आईनं त्याला जाड स्पंजचा गळपट्टा शिवून दिला होता. त्याने काय करायचं ते आम्हीच त्याच्या डोक्यात भरलं. आवाज आला तर टॅबलेटच्या पडद्यावर निळं, ओल लागली तर लाल, दोन्ही नसेल तर हिरवं.

हेतू सरळ होता. पोल्हला ढोलाच्या गळ्यात उतरवायचं आणि ढोलाचा पहिला आवाज आतून टिपायचा. आजवर कुणी टिपला नव्हता. शहरातले हेडमास्तर बोगोमीर सर आधी नको म्हणाले. "नेवेंकाबाई, मुलं आत, हवामान बाहेर. या क्रमात बदल होऊ नये, याची कृपया नोंद घ्यावी." मग बाई दोन तास त्यांच्या समोर बसून राहिल्या. शेवटी सर म्हणाले, "ठीक आहे. ढोल वाजेपर्यंत." तेही तळ्याकाठचेच होते.

पुढचं सगळं बाईंनी स्वतः नंतर वर्गात सांगितलं, काय वाटलं, कुठे चुकलं, कधी घाबरल्या, सगळं. कारण 'कशावरून' हा प्रश्न त्या स्वतःलाही सोडत नाहीत. म्हणून मला ठाऊक.

पानगळीची सुट्टी लागायच्या आधीचा शेवटचा दिवस होता. याव्होर्निकवर पाऊस कोसळत होता, गावात थेंब नाही. नुसतं धुकं, असं की हात लांब केला तर बोटं दुसऱ्याची वाटावीत. बाईंनी हाच दिवस धरला होता. ढोल आज-उद्या वाजणार, आणि वाजला की अर्धा दिवस हातात. ढोल कोरड्या तळ्याच्या मधोमध, तिथून घरी चालत जायला पाऊण तास पुरे. हिशेब चोख होता.

पोल्ह दोराने खाली गेला, गळ्यातल्या कपारीवर टेकला. लोव्रो टॅबलेट घेऊन मांडी घालून बसला. लोव्रोला पोल्हबरोबर ल्युब्लियानाच्या स्पर्धेत जायचं होतं. तो झोपेतही पोल्हशी बोलायचा, असं त्याची बहीण सांगते.

"बाई, हिरवं," तो म्हणाला.

थोड्या वेळाने, "बाई, हिरवंच."

"बघत राहा."

आम्ही पाव-सफरचंद काढलं. मी पेप्का मावशीची नक्कल करत पाव वाटला. पेप्का मावशी पावाचं दुकान चालवतात. "घे गं बाळ, कालचा आहे, पण मऊ आहे. म्हणजे मऊ नाही, पण तुझे दात चांगले आहेत." सगळे हसत होते. आयदा तेवढी एकीकडे उकिडवी बसून जमिनीकडे बघत होती.

"बाई, पान उडतंय."

"वारा असेल गं."

"कशावरून?" आयदा म्हणाली.

बाई थबकल्या. धुकं तसूभर हलत नव्हतं. वारा नव्हताच. त्या उठून आयदाजवळ गेल्या. गवतात एक फट होती, करंगळी जाईल एवढी, आणि तिच्यावर एक पिवळं पान हवेत तरंगत होतं. पडत नव्हतं, जात नव्हतं. बाईंनी फटीवर तळहात धरला. तळघराचं दार उघडल्यासारखी गार हवा हाताला लागली.

त्यांना आधी आनंद झाला. तो त्यांनी लपवला नाही. 'पोरांनो, या, जमीन फुंकर मारतेय' असं म्हणायला त्यांनी तोंडही उघडलं. आणि ते तसंच उघडं राहिलं.

हवा बाहेर येतेय, म्हणजे खालून कुणीतरी ढकलतंय. पाण्याशिवाय ढकलणारं तिथे कोण आहे? मग ती हवा ढोलातून का येत नाही?

त्या धावत भोकापाशी गेल्या आणि लहानपणासारख्या पालथ्या पडल्या. कान लावला. सूऽऽ नव्हतं. आत कुणी श्वास घेत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ढोल मुका होता. बॅटरीचा झोत टाकला तर खाली पोल्ह बसलेला. धुक्याचं पाणी पिऊन त्याचा गळपट्टा फुगला होता आणि बाटलीच्या तोंडात बूच बसावं तसा तो ढोलाच्या गळ्यात घट्ट बसला होता.

ऐकायला म्हणून कान पाठवला होता, आणि त्या कानानंच तोंड दाबून धरलं होतं.

"हिरवं!" लोव्रो आनंदाने ओरडला.

"लोव्रो, ठेव ते. दोर ओढ माझ्याबरोबर."

दोघांनी ओढलं. पोल्ह हलला नाही. पुन्हा ओढलं. बाईंच्या मनात तराजूची दोन पारडी एकदम हलत होती. पोल्ह निघाला तर ढोल वाजेल, गाव ऐकेल, माणसं ट्रॅक्टर घेऊन येतील. नाही निघाला तर ओढण्यात जाणारा प्रत्येक क्षण पाण्याच्या खात्यात.

"बाई, अजून एकदा! सुटत आलाय, शप्पथ!"

तेवढ्यात आयदा म्हणाली, "बाई, पान भिजलं."

फटीतून पाण्याची बारीक धार वर येत होती. काही आवाज नव्हता. कुणाच्या घरचा नळ नीट बंद झाला नसावा, तशी.

बाईंनी दोर सोडला.

"बाई, पोल्ह!" लोव्रोचा चेहरा बघवत नव्हता.

"पोल्ह हिवाळाभर झोपतो," बाई म्हणाल्या. "त्याला झोपू दे. उठा सगळे. डबे टाका. डबे राहू देत म्हटलं ना!"

त्यांनी फोन काढला आणि मातेवझ काकांना लावला. काकांचं घर तळ्याच्या अगदी काठावर. गावातला सगळ्यात मोठा ट्रॅक्टर त्यांचा आणि सगळ्यात मोठा आवाजही त्यांचाच. फोनवर त्यांचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"काका, ट्रॅक्टर घेऊन या. पाणी येतंय."

"कुठून येतंय? ढोल कुठे वाजलाय?"

"ढोलात आमचं यंत्र अडकलंय. तो वाजणारच नाही."

"हे बघ नेवेंका, मी ओट्यावर बसलोय. कोंबडी खाकरली तरी ऐकू येतं मला. बापानं काय शिकवलं तुला? ढोलाआधी..."

"काका, माझ्या पायाखाली पाणी आहे!"

"अगं, दव असेल. धुकं काय कमी आहे? ये पोरांना घेऊन निवांत. मी चहा ठेवतो."

बाईंनी फोन बंद केला. शहरातल्या बंबवाल्यांना कळवलं. ते लगेच निघाले, पण शहर टेकडीच्या पलीकडे. काकांचा त्यांना राग आला नाही, असं त्या सांगतात. तासाभरापूर्वी त्यांना कुणी असा फोन केला असता, तर त्यांनीही चहाच ठेवला असता.

गावाकडे जायला एकच गाडीवाट होती. तिच्या कडेने गवतवाल्यांनी वाळुंजाच्या काठ्या रोवलेल्या. वाट सोडायची सोय नव्हती, कारण दोन्ही बाजूंना भोकंच भोकं. कोरड्यात ती दिसतात. पाण्याखाली नाही दिसत. बाईंनी खिशातली अळंबी कापायची सुरी काढून पोल्हचा दोर वरच कापला आणि प्रत्येकाच्या कमरेला एक वेढा घातला. आयदाला स्वतःच्या पाठीवर घेतलं. हातात एक काठी.

"नेझा, तू शेवटी."

"बाई, मी का? मी घाबरत नाही, पण मी का?"

"तुझ्या तोंडामुळे. या धुक्यात मला मागचं काही दिसणार नाही. तुझा आवाज येत राहिला, की मी समजेन शेपूट जागेवर आहे. नकला कर. मोठ्याने. एकदा केलेली परत चालणार नाही."

"काठापर्यंत?"

"काठापर्यंत. पुरणार नाहीत तुझ्या."

"पुरतील की! माझ्याकडे अख्खं गाव आहे."

"पैज?"

"पैज. काय लावता?"

"हरलीस तर तू ढोल. पोल्ह बाहेर निघेपर्यंत शाळेची घंटा बंद. रोज सकाळी दारात उभं राहून तू वाजायचं."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"तर मी वाजेन."

बाई शाळेच्या दारात 'ढुम्म' करतायत, हे चित्र इतकं गोड होतं की मी पाण्याकडे बघायचंच विसरले. त्यासाठीच होतं ते, हे आता कळतं.

निघालो. पहिल्या काही काठ्यांपर्यंत पाणी बुटांखाली पचपच करत होतं. मी बोगोमीर सरांपासून सुरुवात केली. "विद्यार्थ्यांनो, तळ्याने शाळेच्या वेळेत येऊ नये, अशी सूचना तळ्याला लेखी देण्यात आलेली आहे." रांग हसली. पुढून बाईंची काठी ऐकू येत होती, ठक, चिखल, ठक. पाणी घोट्यांना लागलं तेव्हा मी बसवाला फ्रान्से झाले. "मागे सरका, मागे सरका, मागे जागा आहे, मी आरशात बघतोय! ज्या बाई कोंबडी घेऊन चढल्या, त्यांनी कोंबडीचं तिकीट काढा!" पोटऱ्यांना लागलं तेव्हा सर्दी झालेले फादर झाले आणि नाकातून अख्खं स्तोत्र म्हटलं. मग रेडिओवरची हवामानाची बाई, मग आमचा डॉक्टर, मग मातेवझ काका. "दव असेल गं! कमरेपर्यंत दव असेल!" यावर लोव्रोसुद्धा रडता रडता हसला.

बाई हसत नव्हत्या. पुढची काठी दिसेपर्यंत त्या पाऊल उचलत नव्हत्या. एकदा त्यांची काठी तळाला लागलीच नाही, नुसती आत जात राहिली. त्यांनी ती हळूच काढून घेतली, कुणाला काही न सांगता दोन पावलं डावीकडे सरकल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी माझ्याच पावलावर." पाठीवरच्या आयदाला त्यांचं हृदय धडधडताना कळत होतं. आयदाने ते आम्हाला पुढे सांगितलं. "ढोल होता आतमध्ये," म्हणाली.

वाटेत शेवटी एक ओढा लागतो. एरवी त्यावर फळ्या असतात. फळ्या असतीलही, पण त्यांच्यावरून पाणी ओढीने धावत होतं. बाई उतरल्या. त्यांच्या मांड्यांपर्यंत आलं. पलीकडच्या चढावर त्यांनी आयदाला खाली ठेवलं, पाय रोवले आणि दोर हातात गुंडाळत एकेकाला ओढून घेऊ लागल्या. धुक्यातून एक डोकं यायचं, मग दुसरं. लोव्रो आला. त्याच्यामागे दोर ताठ होऊन धुक्यात गेलेला, आणि त्याच्या टोकाला मी.

आणि माझा आवाज थांबला.

गाव संपलं होतं. गाव खरंच संपतं, हे मला ठाऊक नव्हतं. पेप्का मावशी पाव वाटतानाच खर्ची पडली होती. लोव्रोच्या घरच्या शेळीची नक्कल झाली होती, काकांच्या ट्रॅक्टरचीही झाली होती. पाणी पोटाला लागलं आणि श्वास वरच्या वर अडकला. एकच नक्कल उरली होती, सगळ्यात चांगली, शाळेच्या मागे सगळे पुन्हा पुन्हा करायला लावायचे ती. बाईंची. पण समोरच्या धुक्यात त्याच आवाजाला धरून मी उभी होते. तो काढून आपल्या तोंडात घातला तर तिकडे काय उरेल, असं काहीतरी वेडं मला वाटलं. तोंड उघडेना. पायही उचलेना.

पलीकडे बाई ऐकत होत्या. त्या दिवसातली ही दुसरी शांतता. पहिलीला त्यांनी 'सगळं ठीक आहे' असं समजून सकाळभर पावाचे तुकडे मोडले होते. हिरवं, हिरवं, हिरवंच. शांतता म्हणजे काही नाही असं नसतं, हे त्या फटीवर हात ठेवून नुकतंच शिकल्या होत्या.

"नेझा!"

दोर होता तसाच ताठ राहिला.

जोरात ओढावं तर पोर तोल जाऊन पडणार. दोर सोडून मागे जावं तर चढावरची दहा पोरं मोकळी. बाईंनी एक क्षण डोळे मिटले. आणि मग धुक्यात एक किरटा, घाईघाईचा, नाकात चढलेला आवाज उठला:

"बाईऽ, मी काऽ? मी घाबरत नाही, पण मी काऽ? माझ्याकडे ना, अख्खं गाव आहे! विद्यार्थ्यांनो, कृपया नोंद घ्यावीऽ, मला बोगोमीर सर येतात, येतात म्हणजे काय, तेच माझ्याकडे शिकायला येतातऽ!"

मीच होते ती. माझा प्रत्येक हेल, 'ना' नंतरची माझी उचकीसारखी अडखळ, सगळं. बाई माझी नक्कल करत माझी सरांची नक्कल करत होत्या. चढावरची दहा पोरं दातांवर दात आपटत खदाखदा हसली. मला असा काही राग आला, की श्वास मोकळा झाला.

"बाई!" मी ओरडले. "मी अशी नाही बोलत!"

"कशावरून?" धुक्यातून आवाज आला.

आणि त्यांनी सावकाश दोर ओढायला सुरुवात केली. मी भांडत भांडतच ओढा पार केला.

काठावर ट्रॅक्टरचे दिवे दिसले. मातेवझ काका गुडघाभर पाण्यात उभे होते. पाणी त्यांच्या कुंपणाला लागलं तेव्हा ते उठले होते. अंगातला कोट काढून त्यांनी आयदाला गुंडाळलं. आम्हा सगळ्यांना घरात नेऊन चुलीपाशी बसवलं. चहा तयार होता. नुसता तयार नव्हता, उकळून उकळून काळा झाला होता.

आई-बाप धावत आले. बंबवाले आले. लोव्रोच्या वडिलांनी काकांना विचारलं, "ढोल वाजला तेव्हा तुम्ही घरीच होता ना?"

काकांनी किटलीकडे बघितलं. "होतो की," ते म्हणाले. "ऐकला आणि निघालोच. नेवेंकाला... नेवेंकाला नसेल ऐकू आला बहुतेक."

बाई तिथेच, चुलीच्या पलीकडे, पाय पुसत बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्या सगळं ऐकतात. त्यांनी कप पुढे केला आणि म्हणाल्या, "काका, अजून एक कप द्या."

सुट्टी संपल्यावर वर्ग पुन्हा गवताच्या सांगाड्याखाली भरला. बाईंनी पाण्याने भरलेली बादली मांडली. एक डबा घेतला, त्याच्या बुडाला दोन भोकं पाडली. एकात शिट्टी बसवली, दुसऱ्यावर पिवळं पान ठेवलं. आणि मातेवझ काकांना निरोप पाठवून बोलावून घेतलं.

"काका, डबा पालथा धरून पाण्यात दाबा."

काकांनी दाबला. शिट्टी वाजली. पोरं ओरडली. मग बाईंनी शिट्टीच्या तोंडात स्पंज कोंबला. "आता दाबा."

काकांनी दाबला. काहीच वाजलं नाही. पान मात्र उडून त्यांच्या मिशीला चिकटलं.

"काय ऐकलंत?"

"काही नाही."

"पाणी चढलं का आत?"

काकांनी डबा उचलून बघितला. परत दाबला. बराच वेळ ते त्या बादलीशी खेळत राहिले. मग टोपी काढली.

"त्या दिवशी मी काही ऐकलं नव्हतं, नेवेंका," ते म्हणाले. "तू म्हणालीस ते खरं होतं."

त्याच दुपारी ते पावाच्या दुकानात गेले आणि सगळ्यांदेखत सांगून आले, की ढोल वाजलाच नव्हता. दुकानातल्यांनी माना डोलावल्या, आणि काका बाहेर पडल्यावर पेप्का मावशी म्हणाल्या, "बघा, आता याचेही कान गेले." तेव्हापासून गावात दोन बहिरे आहेत.

बोगोमीर सरांनी नवा नियम पाठवला. 'केवळ ढोलावर विसंबून राहू नये.' बाईंनी तो फळ्यावर लिहून त्याखाली नेहमीचा प्रश्न लिहिला. लोव्रो नवा पोल्ह करायला बसला. या वेळी गळपट्टा जाळीचा.

आणि राहिली पैज. काठ यायच्या आधी माझ्या नकला संपल्या होत्या, यावर वाद नव्हता. अकरा साक्षीदार होते, त्यांतले दहा अजून दात विचकत होते. मी एकच हरकत घेतली. खरा ढोल मी गावातूनच ऐकलाय, जवळून कधी ऐकलाच नाही, मग वाजू कशी?

"मी शिकवते," बाई म्हणाल्या.

तळं त्या वर्षी उन्हाळा लागेपर्यंत हललं नाही. घंटेच्या दोरीला गाठ मारून ठेवलेली होती. मी रोज सकाळी शाळेच्या दारात उभी राहून, दोन्ही हात पोटावर धरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं 'ढुम्म' करत होते. आणि आतून, फळ्याकडे तोंड करून, बाई रोज म्हणायच्या:

"अजून खालून."